दादांना वाचून दाखवलेला धावफलक

माझ्या थोरल्या भावाला मी दादा म्हणायचो. वडील लवकर गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि दादा तेवीसचे. त्यामुळे ते मला भावापेक्षा बापच जास्त होते, आणि मी त्यांना अहोजाहो करायचो. वडनेरला आमचा पाच एकरांचा मळा होता. वांगी, मिरच्या, कांदे व्हायचे. दादा मळ्यात कधी रमले नाहीत. ते भुसावळला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. मळा वहिनी सांभाळायच्या आणि नांदुऱ्याच्या बाजारात भाजीही त्याच घेऊन जायच्या.

क्रिकेटचं वेड दादांना भुसावळला लागलं. तिथे रेल्वेतल्या गोऱ्या साहेबांचं मैदान होतं. दादा आधी कुंपणाबाहेर उभे राहून बघायचे, मग धावा मांडणाऱ्याच्या मदतीला बसू लागले. इंग्लंडचा संघ आपल्याकडे कसोटी खेळायला पहिल्यांदाच आला, तेव्हा ते रेल्वेच्या पासावर मुंबईला जाऊन तो सामना बघून आले. परत आल्यावर महिनाभर त्यांनी तोच सामना आम्हाला सांगितला. आपल्या एका तरण्या खेळाडूने पहिल्याच सामन्यात शंभर धावा काढल्या, लोक मैदानात घुसले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून त्याच्याकडे टाकले. हे सांगताना दादांचा आवाज चढायचा. मी विचारायचो, मग काय झालं. दादा एकदम खाली बसायचे आणि म्हणायचे, “मंग काय, हारलो.”

पुढे आपला संघ विलायतेला गेला आणि त्याच खेळाडूला दौरा अर्ध्यावर असताना घरी परत पाठवलं. पेपरात कारण छापून आलं होतं. दादांनी ते चार वेळा वाचलं. कारण जर एवढं सरळ आहे तर ते सांगायला एवढ्या ओळी का लागल्या, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून त्यांना संघाभोवतीच्या सगळ्या माणसांचा संशय येऊ लागला. निवड करणारे, संस्थानिक, पेपरवाले, कोणीच सुटलं नाही. संघावरची माया मात्र कमी झाली नाही. एक दिवस हा संघ असा खेळायचा की ऐकणाऱ्याला छाती फुगवून गावातून फिरावं वाटे, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सगळे बाद. दादा म्हणायचे, हे लोक आपल्याले मुद्दाम झुलवून राह्यले.

मग जर्मनीशी लढाई सुरू झाली. विलायतेचे दौरे बंद पडले, आणि त्याच वर्षांत दादांचे डोळे गेले. काचबिंदू होता. आधी त्यांना दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची, मग मालगाडीच्या वाघिणींचे, म्हणजे डब्यांचे नंबर चुकायला लागले. रेल्वेच्या डॉक्टरने त्यांना कामावरून काढून घरी पाठवलं तेव्हा उजवा डोळा पूर्ण अंधारलेला होता आणि डाव्याला फक्त ऊन आणि सावली एवढाच फरक कळत होता.

मी तोवर गावच्या शाळेत मास्तर झालो होतो. दादा घरी आले आणि आमच्या घरात संशय राहायला आला. पाण्याची चव जरा वेगळी लागली की विहीर बदलली का म्हणून विचारायचे. सदऱ्याची बटणं चाचपून हा माझाच सदरा आहे ना, याची खात्री करायचे. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात हळू बोललो की बाहेरून खाकरायचे. त्यांचा राग यायचा, पण आम्ही खरोखरच हळू बोलत असायचो. दिसत नसलेल्या माणसासमोर आपण किती गोष्टी गप्पपणे उरकतो, हे मला तेव्हा उमगत नव्हतं.

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात आपला संघ पुन्हा विलायतेला निघाला. दादांनी बातमी ऐकली आणि भिंतीला टेकून बसलेले सरळ झाले. दहा वर्षांत पहिलाच दौरा. आणि यंदा तो त्यांना माझ्या डोळ्यांनी बघायचा होता.

नागपूरचा मराठी पेपर नांदुऱ्यापर्यंत रेल्वेने यायचा आणि तिथून अकराच्या मोटारीने वडनेरला. पेट्रोल मिळत नसल्यामुळे ती मोटार अजून कोळशावर चालायची. ती फाट्यावर थांबली की तिचा धूर आमच्या ओसरीपर्यंत यायचा. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी स्वतः जाऊन पेपर आणायचो. आणल्या आणल्या क्रिकेट वाचलेलं दादांना चालत नसे. आधी तारीख, मग सरकीचे भाव, मग इकडच्या तिकडच्या बातम्या, आणि शेवटी धावफलक. कोणाच्या धावा चाळिसाच्या वर गेल्या की ते माझ्या मनगटावर हात ठेवून मला थांबवायचे. त्या धावा मनात मांडून घ्यायचे आणि मग म्हणायचे, “हं. आता वाच.”

संघ तिकडे उतरल्यावर पहिल्याच बातमीत, सरावाच्या सामन्यात, आपल्या एका मोठ्या फलंदाजाने एकही धाव काढली नव्हती. मी ते जसंच्या तसं वाचलं. दादांनी त्या दिवशी ताट सरकवून दिलं. दुपारी त्यांचा डोळा ठणकू लागला आणि ते कपाळाला ओला फडका बांधून पडून राहिले. नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की माणसाचं मन शांत ठेवा, नाहीतर आतला दाब वाढतो आणि डाव्या डोळ्यात उरलाय तेवढा उजेडही जाईल.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याची घागर ठेवायला आत गेलो तेव्हा वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“भाऊजी, हारले तं हारले. पन एवढं तोडून नोका वाचू. थोडं कमी हारले म्हना.”

मी म्हटलं, असं कसं म्हणता येईल, छापलेलं असतं ते. त्या म्हणाल्या की ह्यायले कुठं दिसते. हे त्यांनी दुष्टपणाने म्हटलं नव्हतं. त्यांना त्या डोळ्यातला उजेड राखायचा होता, बाकी विलायतेत कोण किती धावतो याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

तेव्हापासून मी वाचताना थोडं थोडं बदलू लागलो. शून्याच्या जागी नऊ म्हणायचो. पडलेल्या गड्यांमधला एखादा पडू द्यायचो नाही. दादा ऐकत राहायचे. पण ते धावा मांडणाऱ्याजवळ बसलेले, आणि त्यांची नोकरीच आकड्यांची होती. एक दिवस त्यांनी बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाले की बेरीज जुळत नाही. मी म्हटलं, छापखान्याची चूक असेल.

“छापखाना लय चुकून राह्यला आजकाल,” दादा म्हणाले.

त्या दिवसापासून मी पेपर आणताना वाटेतच झाडाखाली बसून बेरजा जुळवू लागलो. एकाला दिलेल्या धावा दुसऱ्याकडून काढायच्या, नाहीतर एकूण आकडाच वाढवायचा. चौथीच्या पोरांना गणित शिकवणारा मी, रस्त्याच्या कडेला बसून खोटी गणितं सोडवत होतो, आणि कोणी बघतंय का म्हणून मागे वळून पाहत होतो.

दौऱ्यातला पहिला मोठा सामना आपण थोडक्यात हरलो. अगदी हातातोंडाशी येऊन हरलो. असा पराभव दादांना सर्वांत जास्त लागायचा, हे मला माहीत होतं. मी वाचलं, “पावसामुळे शेवटच्या दिवशी खेळ होऊ शकला नाही. सामना अनिर्णित राहिला.” विलायतेत पाऊस नेहमीच पडतो, असं ऐकून होतो. दादांनी पेपर मागून घेतला, घडी घातली आणि गादीखाली ठेवला. ते पेपर जवळ ठेवायचेच, म्हणून मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या पेपरांच्या चळतीत तो अंक नव्हता. गादीखालीही नव्हता. मला वाटलं वहिनींनी मिरच्या बांधायला घेतला असेल. विचारलं तर म्हणाल्या, म्या नाही हात लावला. त्या खरं बोलत होत्या, पण मला त्यांचाही संशय आला. मग माझ्या लक्षात आलं की आदल्या दिवशी दुपारी पोस्टमन आमच्या ओसरीवर बराच वेळ बसला होता. आठवड्यातून तीनदा तो नांदुऱ्याहून यायचा आणि पाणी प्यायला आमच्याकडे टेकायचा. मी त्याला फाट्यावर गाठलं. काय वाचून दाखवलं म्हणून विचारलं. त्याने सायकलची घंटी उगाच वाजवली, काही नाही म्हणाला आणि निघून गेला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

पुढचे तीन दिवस दादा माझ्याशी फार गोड वागले. मी वाचायचो, ते मान हलवायचे. मधेच विचारायचे, “आज नाही आला का पाऊस तिकडं?” मी नाही म्हणायचो. त्यांना कळलंय का, किती कळलंय, आणि कळलं असेल तर ते थांबलेत कशासाठी, हे मला समजत नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचो. त्यांचे डोळे उघडे असायचे आणि त्यात काहीच वाचता यायचं नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी उशीच्या अभ्र्यातून घडी घातलेला अंक काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“हे वाच.”

मी वाचलं. थोडक्यात पराभव, असं लिहिलेलं जसंच्या तसं वाचलं. पावसाचा एक शब्दही त्यात नव्हता. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांचे हात पिठाने भरलेले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे.

दादा म्हणाले, “पाऊस म्हनतांनी तुहा आवाज बदलला व्हता. मले तवाच समजलं.”

“तुमाले बरं वाटावं म्हनून केलं, दादा.”

“मले बरं वाटलं पाह्यजे, हे कोनं ठरवलं?” ते थांबले. “तो संघ माहा हाय. त्यायचं हारनं बी माहंच हाय. ते तू काऊन चोरून राह्यला?”

वहिनींचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, पण मी घेतलं नाही. माझ्याकडून झालेलं ते एकच नीट काम असावं.

त्यानंतर आमच्याकडे दोनदा वाचन सुरू झालं. आधी मी वाचायचो. पोस्टमन आला की तोच धावफलक तो वाचायचा, आणि दादा दोन्ही वाचनं मनात एकमेकांशेजारी ठेवून तपासायचे. मी आता एक अक्षरही बदलत नव्हतो. तरी वाचताना माझा आवाज कापायचा, आणि आवाज कापला की दादा मान तिरकी करायचे. खरं वाचणाऱ्या माणसाचा आवाज कसा असतो, ते मी विसरलो होतो.

मेच्या मध्यावर ती बातमी आली. त्या आठवड्यात पोस्टमन मेहुण्याच्या लग्नाला रजेवर गेला होता. मी नेहमीसारखा पेपर आणला आणि दादांसमोर बसलो. तारीख वाचली, भाव वाचले. मग धावफलकावर आलो आणि थांबलो. मी तो मनातल्या मनात एकदा वाचला, पुन्हा वाचला.

“थांबला काऊन?” दादांनी विचारलं.

मी सांगू लागलो. एका काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या संघाशी सामना होता. आपले नऊ गडी बाद झाले होते, धावा दोनशेच्या आसपास. शेवटचे दोघे गोलंदाज होते. असे दोघे एकत्र आले म्हणजे बघणारे लोक उठून धोतर झटकायला लागतात, चार-दोन चेंडूंत खेळ संपतो. तसं झालं नव्हतं. ते दोघे दिवसाचा खेळ संपेपर्यंत बाद झालेच नव्हते. एकाने शंभर ओलांडले होते आणि दुसरा शंभराच्या जवळ होता. दोघेही अजून खेळत होते. रविवारी तिकडे सुट्टी असते, त्यामुळे पुढचं सोमवारी.

मी वाचून थांबलो. दादा हसले. डोळे गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं आणि ते हसू मला आवडलं नाही.

“आधी थोडं कमी हारले म्हने. आता तं शेवटच्या दोघायले शंभर शंभर देऊन राह्यला. मले किती येडा समजतं बे?”

मला दोन गोष्टी एकदम लागल्या. एक म्हणजे, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला ‘बे’ म्हटलं होतं. रस्त्यावर कोणी कोणालाही म्हणतो तसं. आणि दुसरी, ‘थोडं कमी हारले’ हे शब्द माझे नव्हते. ते वहिनींनी चुलीजवळ म्हटलेले शब्द होते. दादांनी ते ओसरीवरून ऐकले होते की काय? 

मी शपथ घेतली. त्यांनी ती मानली नाही. वहिनींना बोलावलं तर त्या म्हणाल्या, मले का वाचता येते. शेजारच्या किराणा दुकानदाराला मी हाताला धरून आणलं. त्याने चष्मा लावून तेच वाचलं. दादा म्हणाले की तुमी सारे एक झाले. दुकानदार रागावून निघून गेला. त्यात त्याची चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी टोपी घातली, काठी घेतली आणि नांदुऱ्याला जायचं म्हणाले. मी कारण विचारलं. त्यांना अशा माणसाकडून वाचून घ्यायचं होतं, ज्याला ते कोण हे माहीत नाही आणि मी कोण हेही माहीत नाही. तसा माणूस रेल्वेच्या फलाटावरच मिळाला असता.

उन्हं भाजून काढत होती. वहिनींनी दुपट्टा भिजवून त्यांच्या डोक्याला गुंडाळून दिला. दादांनी तो चाचपला, आपलाच आहे का ते पाहिलं, आणि मगच बांधू दिला. मोटारीत ते माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर बसले. नांदुऱ्याच्या फलाटावर मी त्यांना बाकावर बसवलं तेव्हा त्यांनी मला दहा हात दूर उभं राहायला सांगितलं. जवळ यायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मी नळाजवळ जाऊन उभा राहिलो.

मुंबईहून येणारी गाडी संध्याकाळी आली. दादा काठी टेकत डब्याच्या खिडक्यांजवळ गेले आणि हिंदीत विचारू लागले की कोणाकडे मुंबईचा आजचा पेपर आहे का. दोन-तीन खिडक्यांतून कोणी काही बोललं नाही. आंधळा भिकारी असावा, असं एकाला वाटलं, त्याने हात हलवून पुढे जायला सांगितलं. मला पुढे धावावंसं वाटलं, पण मी जागचा हललो नाही. चौथ्या खिडकीत काळ्या टोपीतले एक प्रौढ गृहस्थ होते. त्यांच्या मांडीवर इंग्रजी पेपर होता. काय हवंय, त्यांनी विचारलं.

“क्रिकेट का पढ़ के सुनाओ, साहब. विलायत का.”

त्या गृहस्थांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी पेपर उलगडला आणि खिडकीतून अर्धे बाहेर वाकून वाचायला लागले. आधी इंग्रजीत, मग हिंदीत समजावून. मी नळाजवळून ऐकत होतो. मला शनिवारपर्यंतचंच माहीत होतं. सोमवारी काय झालं ते त्यांच्याकडे होतं. दुसऱ्याचंही शतक पुरं झालं होतं. दहावा आणि अकरावा, दोघांनी शंभर. असं याआधी कोणी केल्याचं ऐकिवात नाही, असं ते म्हणाले. मी वाचलं होतं त्याहून खरं जास्त मोठं निघालं.

दादा खिडकीची सळई धरून उभे होते. मग त्यांनी एक हात उचलून मागे केला, मी नव्हतो त्या बाजूला, आणि विचारलं, “इसने बोला क्या आपको, ऐसा पढ़ने को?”

“किसने?” गृहस्थ गोंधळले. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी दादांचं बोट हातात घेतलं आणि कागदावर टेकवलं. “यहाँ लिखा है, भाई. यहाँ.”

गाडीने शिट्टी दिली. त्या गृहस्थांनी ते पान फाडून दादांच्या हातात दिलं. गाडी हलली तेव्हा दादा अजून खिडकीच्या उंचीवर हात धरून उभे होते. मग मी जवळ गेलो, आणि त्यांनी मला अडवलं नाही. बाकावर बसल्यावर त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ऊन लागलं, असं ते म्हणाले. सूर्य तेव्हा मालधक्क्याच्या मागे गेला होता. थोड्या वेळाने त्यांनी भजी मागितली आणि एक पुडा सगळा खाल्ला.

घरी आल्यावर त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं, अगदी मुंबईचा सामना सांगायचे तसं. पहिला कसा उभा राहिला, दुसऱ्याने चेंडू कसा ढकलला. जे छापलंही नव्हतं तेही सांगितलं. वहिनी चूल फुंकत हं हं म्हणत होत्या. मी दाराशी बसून ऐकत होतो आणि मला वाटत होतं की आता सगळं मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन बसलो तेव्हा दादांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“ती बातमी खरी व्हती. पन तू वाचली म्हनून खरी नव्हती. समजलं?”

मी हो म्हटलं.

त्याच दिवशी त्यांनी वहिनींना आकडे शिकवायला घेतलं. पोस्टमनवरही त्यांचा आता पूर्ण भरवसा नव्हता. वहिनींना अक्षर येत नव्हतं, म्हणून त्या रचून काही सांगू शकणार नाहीत, असं त्यांचं गणित होतं. दुपारी मळ्यातून आल्या की दादा त्यांचा तळहात समोर घ्यायचे आणि त्यावर बोटाने एक ते नऊ काढायचे. वहिनींच्या हाताला मिरच्यांचा तिखटपणा असायचा, मग दादा बोट धुवायचे. आठ-दहा दिवसांत त्यांना आकडे ओळखता येऊ लागले. मी धावफलक वाचून झाल्यावर पेपर त्यांच्याकडे जायचा. त्या एकेका आकड्यावर बोट ठेवून हळूहळू सांगायच्या, आणि दादा बेरीज करायचे.

ज्या बाईने मला खोटं वाचायला सांगितलं, तिलाच त्यांनी माझी पहारेकरी नेमलं होतं. हे त्यांनी न कळता केलं की कळून, हा संशय मला आजही आहे.

पुढे पहिली कसोटी आपण हरलो, आणि चांगलेच हरलो. मी सगळं वाचलं. मग वहिनींनी आकडे सांगितले. एका शून्यावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. त्यांनी शेवटी शून्य म्हटलं. दादा संध्याकाळी जेवले नाहीत, डोक्याला फडका बांधून पडून राहिले. वहिनी विहिरीवर भांडी घासत होत्या. मी पाणी शेंदायला गेलो तर त्या हळूच म्हणाल्या, “ह्यायले समदं ठाऊक हाय, भाऊजी. माह्याच तोंडून वदवून घेऊन राह्यले.”

मी म्हटलं, नाही, त्यांना माहीत असतं तर ते बोलले असते. मला स्वतःला ते पटलं नव्हतं.

डाव्या डोळ्यातला उजेड त्या दिवाळीच्या सुमारास गेला. डॉक्टर म्हणाले, तो जाणारच होता. विलायतेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वहिनींनी डॉक्टरांना तेच पुन्हा एकदा दादांसमोर म्हणायला लावलं.

दुसऱ्या वर्षी स्वातंत्र्य आलं, देशाचे दोन तुकडे झाले, आणि हिवाळ्याच्या तोंडावर आपला संघ ऑस्ट्रेलियाला निघाला. निघालेल्या खेळाडूंची नावं पेपरात आली. मी ती एकामागून एक वाचली. दादा बोटं मोजत होते. संपल्यावर म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचली.

“नावं गाळून राह्यला तू,” ते म्हणाले. आवाजात वर्षभरात न ऐकलेली धार होती.

मी नाही म्हटलं. विलायतेला गेलेल्यांपैकी काही या वेळी जात नव्हते, कोणी आजारी होता, कोणाची घरची अडचण होती. आणि एक जण आता सीमेच्या पलीकडचा झाला होता. तो आपला राहिला नव्हता.

दादांनी सवयीने वहिनींच्या दिशेने हात केला. वहिनींनी पेपर घेतला, त्यावर नजर फिरवली आणि परत माझ्याकडे दिला. यादीत आकडे नव्हते, नुसती नावं होती.

“मले नाही येत हे,” त्या म्हणाल्या.

पलीकडे गेलेल्या त्या खेळाडूचं नाव दादांनी हळूच एकदा घेतलं. मग माझ्याकडे तोंड वळवलं.

“बरं,” ते म्हणाले. “पुढं वाच.”